माझ्या आई-अण्णांची लग्नं

माझ्या आई-वडिलांची बरीच लग्नं झाली. सगळी एकमेकांशीच, आणि बहुतेक शनिवारी. त्यातलं पहिलं सोडलं तर बाकीच्या सगळ्या लग्नांना मी हजर होते. मी तेव्हा नववीत होते, आणि स्वतःच्या आई-बापाच्या लग्नात पंगतीला वाढायला उभं राहणं काय असतं, हे आमच्या वर्गात फक्त मलाच ठाऊक होतं.

आई वडवणीत मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत शिकवायची. गावात त्या शाळेला लोक सरळ ‘येड्याची शाळा’ म्हणत. आईला ते लागायचं, पण ती भांडत बसायची नाही. कुणी तोंडावर म्हटलंच तर म्हणायची, “या एकदा बघायला. शाण्याला बी घेतो आमी.”

तिचं एक ठाम मत होतं. कुठलंही काम बारीक बारीक पायऱ्यांत तोडलं की कुणालाही शिकवता येतं. ही पद्धत शाळेपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण आमच्या घरातही प्रत्येक कामाची चित्रं भिंतीवर लावलेली असायची. बेसिनवर हात धुण्याची, मोरीत आंघोळीची, आणि मला सगळ्यात लाजवणारी म्हणजे संडासातली. बाहेरगावचे पाहुणे आत जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. चित्रं क्रमानं बघत बसायचे बिचारे. शिवाय पायरी जमली की लगेच शाबासकी द्यायची, हा नियम. मी दात घासून आले की आई म्हणायची, “शाब्बास, छान घासलेस.” हे मला बारावीपर्यंत ऐकावं लागलं. अण्णांना तर त्यानंतरही कितीतरी वर्षं. अण्णांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. एकदा भर गिऱ्हाइकात आईनं त्यांना म्हटलं, “अरे वा, आज डबा स्वतः धुऊन ठेवलात! शाब्बास.” गिऱ्हाईक अण्णांकडे बघत राहिलं. अण्णा म्हणाले, “कापड दाखवू का अजून?”

लग्नांची सुरुवात झाली ती ताईमुळे. ताई म्हणजे शाळेतली एक मुलगी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. उंच, धिप्पाड, डोक्याला कायम तेल चोपडलेलं. तिचे आईवडील मेंढरं राखायचे. वडवणीपासून जवळच, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. ताई बोलायची मोजकंच, पण एकदा एखादा नियम शिकली की तो तिच्याकडून मोडला जायचा नाही. आणि बाकी जग तो नियम पाळत नाही याचा तिला मनापासून राग यायचा.

माघाच्या सुमाराला तिची आई शाळेत आली. मी त्या दिवशी आईला डबा द्यायला गेलेले, म्हणून समोरच होते. ताईची आई, म्हणजे माझी मावशी, पदर नीट करत म्हणाली, “बाई, पोराचं लगीन हाय चैत्रात. तेवढे चार दिस हिला इथंच ऱ्हाऊ द्या.”

“कावून?” आईनं विचारलं. “भावाचं लग्न आणि बहीण इथं?”

“मागं चुलतभावाच्या लग्नात लई तमाशा झालता. वाजंत्री वाजली की कानावर हात घिऊन वरडत सुटली. मग स्टेजवर चढली, नवरीचं बाशिंग वढलं. हिचा बा तवापासून म्हणतो, कोंडून ठिवा न्हाईतर शाळंत सोडा.” मावशी जमिनीकडे बघत होती. “मला का बरं वाटतंय व्हय?”

 आई म्हणाली, “तिला लग्न कुणी शिकवलंच नाही. मी शिकवते.”

मावशीला वाटलं, बाई चित्रं दाखवतील. मलाही तसंच वाटलं. पण आईचं दुसरं ठाम मत असं की खोट्या वस्तूनं शिकवलेलं खोटंच राहतं. प्लास्टिकच्या केळ्यानं केळं सोलायला शिकलेलं मूल खऱ्या केळ्यापुढे रडतं, हे तिनं पाहिलेलं. तेव्हा लग्न शिकवायचं तर लग्न लावायला हवं. नवरीसाठी तिनं आधी मला विचारलं. मी दप्तर घेऊन माडीवर जाऊन बसले. मग ती अण्णांना म्हणाली, “शनिवारी दुपारी तासभर दुकान बंद ठेवा. आपल्याला लग्न करायचंय.”

“कुणाचं?”

“आपलंच.”

अण्णा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि म्हणाले, “बरं.” आईच्या बाबतीत ते फार प्रश्न विचारत नसत. उत्तरांनी गोंधळ वाढतो असा त्यांचा अनुभव होता.

शाळेतलं पहिलं लग्न अगदी साधं झालं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, समोर खुर्च्यांवर मुलं. आईनं स्वतःच्या लग्नातला शालू काढलेला, अण्णांना फेटा. शाळेचे शिपाई मामा भटजी झाले. त्यांना मंगलाष्टकं येत नव्हती, पण भजनी मंडळात ते गायचे. त्यांनी शाळेची प्रार्थना भजनाच्या चालीवर म्हटली आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ लावलं. ताईला ‘सावधान’ हा शब्द फार आवडला, कारण कवायतीत तो तिला येत होता. ‘सावधान’ म्हटलं की ती खाडकन उभी राहायची. पहिला शनिवार त्यातच गेला.

पुढचे शनिवार एकेका पायरीचे. खुर्चीवर बसून राहायचं. स्टेजवर बोलावल्याशिवाय जायचं नाही. अक्षता मुठीत धरायच्या, खायच्या नाहीत, आणि शेवटच्या ‘सावधान’लाच टाकायच्या.

“आता?” ताई विचारायची.

“अजून नाही,” आई अंतरपाटामागून सांगायची.

“आता?”

“आता!” आणि ताई एवढ्या जोरात अक्षता मारायची की अण्णा डोळे मिटून घ्यायचे.

सगळ्यात अवघड होतं वाजंत्रीचं. त्यासाठी आईनं गावातल्या हलगीवाल्यांना गाठलं. पहिल्या दिवशी त्यांना शाळेपासून लांब, ओढ्यापलीकडे उभं केलं. पुढच्या वेळी ओढ्याच्या अलीकडे. मग लिंबाच्या झाडाखाली, मग फाटकात. आवाज सहन झाला नाही तर ताईनं पळायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त हात वर करून ‘थांबा’ म्हणायचं. तिनं ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, हा आईचा शब्द होता, आणि तो शिपाई मामांपासून अण्णांपर्यंत सगळे पाळायचे. हलगीवाला म्हणायचा, “इतकी लग्नं वाजवली, पर लांब जाऊन वाजवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं.”

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. अण्णांच्या दुकानावर शनिवारी दुपारी कुलूप दिसलं की शेजारचा किराणावाला लोकांना सांगायचा, “मालक लग्नाला गेलेत.” “कुणाच्या?” “सोताच्याच.” शाळेत पोरी मला घेरायच्या, “शनिवारी तुझ्या आई-बापाचं लगीन हाय म्हणं. आमाला आवतन न्हाई?” मी काय सांगणार? आवतन नव्हतंच, तरी लोक यायला लागले. आधी शाळेच्या मागच्या वस्तीतल्या चार म्हाताऱ्या आल्या, पंगतीसाठी शिजणाऱ्या लापशीच्या वासानं. आईनं त्यांना हाकललं नाही. “लग्नात न बोलावलेले लोक असतातच,” ती म्हणाली, “पोरांना त्यांचीही सवय हवी.” मग म्हाताऱ्यांच्या सुना आल्या. एका शनिवारी तर एक अनोळखी गृहस्थ व्यवस्थित जेवून, अण्णांच्या हातात आहेराचं पाकीट ठेवून गेले. ते कुठल्या तरी दुसऱ्याच लग्नाला निघाले होते आणि हलगी ऐकून इकडे वळले, असं मागाहून कळलं. तोवर त्यांची एसटी गेली होती.

आणि मग आत्या आली. अण्णांची थोरली बहीण, वडवणीतच दिलेली, मानपानाला फार जपणारी. ती फाटकातूनच ओरडत आली, “माझ्या भावाचं लगीन अन् मला सांगावा न्हाई? सख्खी बहीण मेली का?”

“अक्का, खोटं लग्न हाय ते,” अण्णा बाशिंगातून म्हणाले.

“खोटं आसंल! मान खोटा आसतो का?” आणि ती तरातरा जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

आईच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला अजून आठवतो. ती अंतरपाट सोडून मुलांकडे वळली. “बघा रे, बघा सगळ्यांनी. ह्या रुसल्या. लग्नात कुणीतरी रुसतंच. हे मी विसरलेच होते! आपण घाबरायचं नाही. काय करायचं? पाणी न्यायचं.” मग सगळी मुलं ओळीनं हातात पेला घेऊन आत्याकडे गेली. आत्यानं पहिला पेला ढकलला. दुसरा ढकलला. तिसरा ताईचा होता. ताई पेला धरून उभी राहिली आणि हलेचना, कारण पेला रिकामा झाल्याशिवाय परत यायचं नाही असं तिला सांगितलेलं. आत्यानं तिच्याकडे वर बघितलं, अजून वर बघितलं, आणि पाणी प्यायली. मग मागच्या मुलांनी का म्हणून ऐकावं? सगळ्यांचे पेले प्यावे लागले. जाताना आई तिला म्हणाली, “अक्का, पुढच्या शनिवारी पण रुसाल का?” आत्या ‘बघू’ म्हणाली, आणि त्यानंतर एकही शनिवार तिनं चुकवला नाही. नवी नऊवारी नेसून यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची.

अण्णाही बदलले. सुरुवातीला दुकानाच्या कपड्यांवर येऊन फेटा चढवायचे. नंतर नंतर शनिवारी सकाळी दाढी करायला लागले. अत्तराचा फाया कानात ठेवायला लागले.

चैत्रात खरं लग्न आलं. लग्न मुलाकडेच होतं, त्यांच्या दारात मांडव घालून. नवरी धर्मापुरीकडची, वऱ्हाड टेंपोतून आलेलं. आम्ही तिघं आणि शिपाई मामा सकाळीच पोचलो. ताई पिवळी साडी नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, मांडीवर हात, मुठीत अक्षता. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. मावशी दर थोड्या वेळानं येऊन तिच्याकडे बघून जात होती. हळद लागली, नवरदेव मारुतीला जाऊन आला, हलगी वाजली, बँड वाजला, फटाके फुटले. ताईनं एकदाच हात वर केला, पण तो केस सारखे करायला. मावशीनं माझ्या आईचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “बाई, पोरगी बसली की वं!”

ताईच्या वडलांनीही लांबून बघितलं आणि मान डोलावली. तिथंच सगळं संपलं असतं तर ही नुसती आईच्या यशाची गोष्ट झाली असती.

नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले. मधे अंतरपाट धरला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, आणि ताईनं हात वर केला.

“थांबा.”

आवाज एवढा खणखणीत होता की भटजी थांबले. त्यांना वाटलं घरातलंच कुणी महत्त्वाचं माणूस बोललं. सगळा मांडव वळून बघायला लागला.

“काय झालं?” आईनं हळूच विचारलं. “आवाज मोठा आहे?”

ताईनं नकारार्थी मान हलवली. स्टेजकडे बोट केलं. “नवरी चुकली.”

“कोण चुकली?”

“ती न्हाई नवरी.” ताईनं आईच्या दंडाला धरलं. “तुमी नवरी. आन् अण्णा.”

ताई उठली नव्हती, ओरडली नव्हती, स्टेजवर गेली नव्हती. तिला शिकवलेला एकही नियम तिनं मोडला नव्हता. तिनं जितकी लग्नं नीट पाहिली त्या सगळ्यांत नवरा-नवरी तेच दोघं होते. आता कुणीतरी मोठी चूक करत होतं, आणि ती चूक वेळेवर सांगणं तिचं काम होतं. भटजींनी पुन्हा सुरुवात केली. ताईनं पुन्हा हात वर केला. “थांबा.” मागे शिपाई मामा सवयीनं उभे राहून बँडवाल्यांना ‘थांबा थांबा’ म्हणायला लागले.

वऱ्हाडात कुजबुज वाढली. नवरीच्या चुलत्यानं बाजूच्या पोराला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं, “हा कोण हाय बे म्हातारा? नवरदेव म्हणतेत का काय त्याला?” अण्णा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. ते हातात चहाचा कागदी कप धरून मागच्या रांगेत बसले होते आणि त्या कपात लपता येईल का असं बघत होते. ताईचे वडील घाम पुसत पुढे आले. “बाई, घरात न्या तिला. हात जोडतो. मुहूर्त चाललाय.”

आई ताईसमोर खाली बसली. “आज हे दोघं नवरा-नवरी आहेत. आपण बघायला आलोय.”

“न्हाई,” ताई म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. “तुमी.”

 चूक कुठं झाली ते आईच्या लक्षात आलेलं मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आता काय करायचं हे तिलाही सुचत नव्हतं. मी तिला असं पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात अंतरपाटामागून आवाज आला. नवरीचा. तोवर तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता, कारण नवरीनं बोलायचं नसतं.

“येऊ द्या की त्यांला बी वर,” ती म्हणाली. “जागा लई हाय.”

 मग नवरीच्या आजीनं, जी सगळ्यात पुढे बसली होती, काठी आपटली. “लावा दोगांचं बी. मुहूर्त का एकाच्याच बापाचा हाय?”

आई उठली. मागे वळून म्हणाली, “अहो, चला.”

“कुठं?”

“उभं राहायला.”

अण्णांनी चहा संपवला, कप खुर्चीखाली ठेवला आणि आले. दुसरा अंतरपाट नव्हता, म्हणून त्याच चुलत्याचं उपरणं घेतलं. एक टोक त्यानंच धरलं. हार दोनच आणलेले, तेव्हा टेंपोच्या तोंडावरचे झेंडूचे हार उतरवून आणले. अण्णांच्या हाराला डिझेलचा वास येत होता. भटजींनी विचारलं, “गोत्र?” अण्णा म्हणाले, “आमचं एकदा झालंय, तुम्ही व्हा पुढं.” आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

लोक बाहेरच्या लग्नात करतात तसंच इथंही करत होते, पहिल्या ‘सावधान’लाच अक्षता फेकत होते. ताई खुर्चीत मागे वळून त्यांना दटावत होती, “अजून न्हाई! अजून न्हाई!” आणि तिसऱ्या कडव्यापासून खरंच सगळा मांडव थांबला. मी तरी तसं लग्न परत पाहिलं नाही. शेवटचं ‘सावधान’ आलं. ताईनं आईकडे बघितलं. बाशिंग नसलेल्या माझ्या आईनं उपरण्यावरून मान उंच करून म्हटलं, “आता!”

त्या लग्नाच्या फोटोत चौघं आहेत. तो फोटो ताईच्या घरात अजून लावलेला आहे.

परत येताना आम्ही जीपमध्ये होतो. वडवणी जवळ आल्यावर आई म्हणाली, “उदाहरण एकच दिलं मी. नवरा-नवरी बदलायला हवे होते. शिक्षकाच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यालाही कळतं हे.”

“म्हणजे?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या गळ्यात हार तसाच होता.

“पुढच्या वर्षी तुम्ही शाळेतल्या स्वयंपाकाच्या बाईंबरोबर उभं राहायचं. मी शिपाई मामांबरोबर.”

समोर ड्रायव्हरशेजारी बसलेले शिपाई मामा खोकायला लागले. आणि आई बोलली तसं तिनं केलं. पुढच्या वर्षी दर शनिवारी जोड्या बदलत गेल्या. आत्याला जेव्हा कळलं की भाऊ आता स्वयंपाकाच्या बाईशी लग्न लावतोय, तेव्हा ती खरंच रुसली, आणि पाण्याच्या पेल्यांनी ऐकली नाही. तिच्यासाठी आईला एक स्वतंत्र साडी घ्यावी लागली. आणखी कितीतरी मुलं त्या शनिवारांतून घरच्या लग्नांना गेली. काहींनी गोंधळ घातला, काहींनी नाही. एका मुलाला नुसतं हात धुऊन पंगतीला बसणंच जमलं, तेही आई महिनाभर सगळ्यांना सांगत होती.

आई निवृत्त झाल्यावरही शाळेत जायचीच. दोन वर्षांपूर्वी तिला हृदयाचा झटका आला. बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पुण्याहून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मला मात्र ज्या बाईला बघायचं होतं तीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताई आली, तिच्या वहिनीबरोबर. तीच ती नवरी. आता तिची पोरं कॉलेजात आहेत आणि ताई तिच्याजवळच असते, शेळ्यांचं बघते. ताई अण्णांशेजारी भिंतीला टेकून बसली.   

वहिनी माझ्यासोबत स्वयंपाकघरात आली. सुतकात चूल पेटवायची नाही, म्हणून तिनं घरून भाकरी आणि पिठलं आणलेलं. ताटं घेता घेता मी तिला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं होतं. “वहिनी, त्या दिवशी तुम्हाला राग नाही आला? तुमचं लग्न, आणि मधेच हे दोघं?”

ती हसली. “राग कुठला? मी लई भ्याले होते. कुणाची वळख न्हाई. तुमच्या आईला मी पयल्यांदाच बघत होते. पर ती त्या पोरीपाशी खाली बसून बोलत होती ना, ते अंतरपाटाच्या कडेनं दिसलं. म्हणलं, ही बाई आपल्या शेजारी उभी ऱ्हायली तर बरं हुईल.” तिनं पिठल्याच्या डब्याचं झाकण काढलं. “अन् ऱ्हायली. पुरी मंगलाष्टकं माझं कोपर धरून उभी होती. कुणाला दिसलं न्हाई.”

मग ती म्हणाली, “अण्णांला तिखट चालतं का अजून?” मी म्हटलं चालतं. तिनं त्यांचं ताट वाढलं आणि बाहेर घेऊन गेली.